मॅक्रॉन २०२७ च्या आधी पद सोडतील का?

निळाई | ७ ऑक्टोबर २०२५

काल सकाळी फ्रान्सचे पंतप्रधान सेबास्तियां लेकोर्नू यांनी राजीनामा दिला. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मंत्र्यांची यादी जाहीर झाली होती. म्हणजे सरकार जेमतेम १४ तास टिकलं. यादीत अध्यक्ष मॅक्रॉन यांचे जुने अर्थमंत्री ब्रुनो ल मेर यांचं नाव बघून गृहमंत्री रतायो बिथरले, त्यांच्या उजव्या पक्षाने पाठिंब्याचा हात आखडता घेतला आणि सगळं कोसळलं. दोन वर्षांच्या आत हे पाचवे पंतप्रधान: बोर्न, आताल, बार्निए, बायरू, लेकोर्नू.

फ्रेंच शिकायला लागले तेव्हापासून मी तिथलं राजकारण वाचते आहे, पण काल दुपारचं एक दृश्य डोक्यातून जाईना. अध्यक्ष मॅक्रॉन सेन नदीच्या काठाने एकटेच चालत होते, फोन कानाला लावलेला, अंगात गडद कोट, मागे थोड्या अंतरावर सुरक्षारक्षक. वाहिन्यांचे कॅमेरे लांबूनच त्यांना टिपत होते. आठ वर्षांपूर्वी लूव्रच्या प्रांगणात हाच माणूस विजयी होऊन एकटा चालत आला होता.

आणि आज तर घरचेच बोलायला लागले. आताल यांनी काल रात्रीच सांगितलं की अध्यक्षांचे निर्णय आपल्याला आता समजत नाहीत. आताल म्हणजे मॅक्रॉन यांनीच पंतप्रधान केलेला तरुण नेता. आज सकाळी एदुआर फिलीप यांनी तर सरळ सुचवलं की अर्थसंकल्प मंजूर करून घ्या आणि मग नीट, ठरवून, मुदतीच्या आधी अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. फिलीप २०१७ ते २०२० मॅक्रॉन यांचे पहिले पंतप्रधान होते. विरोधकांनी राजीनामा मागणं वेगळं आणि पहिल्या पंतप्रधानाने मागणं वेगळं.

मुदत मे २०२७ पर्यंत आहे. माझं मत आधीच सांगते: जाणार नाहीत. १९५८ मध्ये पाचवं प्रजासत्ताक, म्हणजे आजची राज्यघटना आली, तेव्हापासून केवळ लोकांना नकोसा झाला म्हणून एकही अध्यक्ष मुदतीआधी गेलेला नाही. पण त्यांनी जावं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझं मन अजून ठरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक | ७ ऑक्टोबर

जायलाच हवं. यात मन न ठरण्यासारखं काय आहे?

हा गोंधळ कोणी घातला? ९ जून २०२४ ला युरोपीय निवडणुकीत मार खाल्ला आणि त्याच रात्री यांनी संसद बरखास्त केली. कोणी भाग पाडलं नव्हतं. जुलैमध्ये लोकांनी निकाल दिला, सभागृहाचे तीन तुकडे झाले आणि कोणाकडेच बहुमत उरलं नाही. त्यानंतर अध्यक्ष एकेक पंतप्रधान पुढे करत आहेत आणि संसद त्यांना परत पाठवते आहे. बार्निए ४ डिसेंबरला ३३१ मतांनी पडले. बायरूंनी स्वतःहून विश्वासमत मागितलं, बाजूने १९४, विरोधात ३६४. आता लेकोर्नू. बळी दरवेळी पंतप्रधानाचा जातो, निर्णय घेणारा मात्र एलिझे या अध्यक्षीय राजवाड्यात तसाच बसून आहे.

घटनावेडा | ७ ऑक्टोबर

राग मान्य. पण घालवणार कसं, ते बघू.

फ्रान्सचा अध्यक्ष संसदेला उत्तरदायी नाही. अविश्वास ठराव येतो तो सरकारवर, अध्यक्षांवर येऊच शकत नाही. त्यांना काढायचा एकच रस्ता आहे, राज्यघटनेचं कलम ६८. त्यात कारणही बांधून दिलं आहे: पदाच्या कर्तव्यात अशी कसूर, की जी त्या पदावर राहण्याशी उघड उघड विसंगत आहे. लोकप्रियता घसरली, धोरण फसलं, अर्थसंकल्प अडकला, यातलं काहीच त्यात बसत नाही.

आता आकडे. प्रस्ताव राष्ट्रीय सभेत (कनिष्ठ सभागृह) दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हायला हवा, म्हणजे ५७७ पैकी ३८५. मग सेनेटमध्ये (वरिष्ठ सभागृह) दोन तृतीयांश, ३४८ पैकी २३२. सेनेट उजव्या आणि मध्यममार्गी लोकांच्या हातात आहे, ते कट्टर डावे नेते मेलांशों यांच्या प्रस्तावाला हात लावणार नाहीत. तिथूनही निभावलं तर दोन्ही सभागृहं एकत्र बसून उच्च न्यायालय बनतात आणि पुन्हा दोन तृतीयांश लागतात, ९२५ पैकी ६१७. मेलांशों यांच्या पक्षाने मागच्या वर्षी हे करून बघितलं. राष्ट्रीय सभेच्या कार्यकारी मंडळाने प्रस्ताव पुढे जाऊ दिला, पण कायदा समितीने फेटाळला आणि तो सभागृहात चर्चेलासुद्धा आला नाही. या वेळी पुन्हा दिला आहे. माझ्या मते पहिल्याच दारात अडेल.

थोडक्यात, त्यांना कोणी काढू शकत नाही. गेले तर स्वतःच्या पायांनी जातील.

रोखठोक | ७ ऑक्टोबर

बरं, दोन शंका. आज राजीनामा दिला तर पुढे काय होतं? आणि राजीनामा देऊन तेच पुन्हा उभे राहू शकतात का?

घटनावेडा | ७ ऑक्टोबर

दुसरं आधी. कलम ६ प्रमाणे सलग दोनपेक्षा जास्त वेळा नाही. २०१७ आणि २०२२ झाले, म्हणजे लगेचच्या निवडणुकीत नाही.

पहिलं, कलम ७. पद रिकामं झालं की सेनेटचे अध्यक्ष हंगामी सूत्रं घेतात, म्हणजे आज जेरार लार्शे. २० ते ३५ दिवसांत निवडणूक. त्या काळात हंगामी अध्यक्ष संसद बरखास्त करू शकत नाही, सार्वमत घेऊ शकत नाही. इतकंच नाही, सरकारवर अविश्वास ठरावही आणता येत नाही. सगळं जागच्या जागी गोठवून ठेवायचं आणि नवा माणूस निवडायचा, अशी रचना आहे. पाच आठवड्यांत देशाचा अध्यक्ष निवडायचा! पक्षांनी उमेदवार ठरवायचे कधी, लोकांनी ऐकायचं कधी? फिलीप "ठरवून जा" म्हणतात ते याचसाठी. आधी तारीख सांगितली तर सगळ्यांना तयारीला सहा महिने मिळतात.

जुनीपानं | ८ ऑक्टोबर

निळाईताई, तुमचं "नकोसा झाला म्हणून एकही गेलेला नाही" हे वाक्य मला खटकलं. द गॉल यांना कुठे बसवता?

१९६५ मध्ये द गॉल दुसऱ्यांदा अध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा सात वर्षांची मुदत असे. मे १९६८ मध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले, तरी ते टिकले. उलट जूनच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं. म्हणजे हातात सगळं होतं. तरी एप्रिल १९६९ मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं, विषय कोणता तर प्रादेशिक प्रशासन आणि सेनेटची फेररचना. ज्यावर कोणी रात्र जागवणार नाही असा विषय. आणि आधीच जाहीर केलं की हरलो तर जाईन.

२७ एप्रिलला ५२.४ टक्के लोकांनी "नाही" म्हटलं. मध्यरात्रीनंतर कोलोंबे गावातल्या घरून निवेदन आलं, सगळं मिळून दोन वाक्यांचं. प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाचं काम मी थांबवतो आहे. हा निर्णय आज दुपारी बारा वाजल्यापासून लागू होईल. बस. स्पष्टीकरण नाही, कोणावर दोष नाही. पावणेचार वर्षं शिल्लक होती.

मी तरुणपणी हे वाचलं तेव्हा सुन्न झालो होतो. कायद्याने काहीही बंधन नसताना, संसदेत बहुमत असताना, एक माणूस लोकांनी "नाही" म्हटलं एवढ्यावर निघून जातो. ज्या सेनेटची ते फेररचना करायला निघाले होते, त्याच सेनेटचे अध्यक्ष अलां पोएर हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले.

पण मॅक्रॉन यांच्याशी खरी जुळणारी गोष्ट त्याहून जुनी आहे. अलेक्सांद्र मिलरां, १९२४. तेव्हा अध्यक्षाने पक्षीय राजकारणापासून दूर राहायचं असा दंडक होता. मिलरां यांनी १९२३ मध्ये एव्र्यो इथे भाषण केलं आणि उघडपणे एका बाजूला झुकले. मे १९२४ च्या निवडणुकीत दुसरी बाजू जिंकली, डाव्या पक्षांची आघाडी. तिचे नेते एरिओ. मिलरां यांनी त्यांना सरकार बनवायला बोलावलं. एरिओ म्हणाले, तुमच्या हाताखाली नाही. दुसरंही कोणी तयार होईना. शेवटी मिलरां यांनी आपल्या बाजूचा एक माणूस पंतप्रधान केला, सभागृहाने १० जूनला त्याच्याशी व्यवहार करायलाच नकार दिला आणि ११ जूनला मिलरां यांनी राजीनामा दिला. महाभियोग नाही, आंदोलन नाही, नुसता असहकार.

आता सांगा, पंतप्रधानपद स्वीकारायलाच कोणी पुढे आलं नाही तर मॅक्रॉन काय करतील?

निळाई | ८ ऑक्टोबर

जुनीपानंकाका, द गॉल यांच्याबद्दल माझी चूक मान्य. मी "नकोसा झाला" म्हणताना लोकप्रियतेच्या चाचण्या धरून चालले होते, पण त्यांनी स्वतः पणाला लावून हरलेलं सार्वमत हाही लोकांचाच नकार.

मिलरां मात्र मला पूर्ण पटत नाहीत. त्यांना संसदेने निवडलं होतं. ज्यांनी बसवलं त्यांनीच तोंड फिरवल्यावर काय उरतं? १९६२ च्या सार्वमतानंतर अध्यक्ष थेट लोकांच्या मताने येतो. त्यामुळे संसदेने कितीही असहकार केला तरी तो म्हणू शकतो की मला तुम्ही नाही, देशाने पाठवलं आहे. मॅक्रॉन नेमकं हेच म्हणतात.

सांजपाखरू | ८ ऑक्टोबर

मी ल्योनमध्ये राहते, अकरा वर्षं झाली. वाचत होते, आता लिहितेच.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी मार्च १९६४ ची. २०२३ च्या निवृत्तीवयाच्या सुधारणेआधी ती ६२ व्या वर्षी, म्हणजे १ एप्रिल २०२६ ला निवृत्त झाली असती. सुधारणेत वय टप्प्याटप्प्याने ६४ वर नेलं, तिच्या वर्षाच्या वाट्याला ६३ आले. म्हणजे १ एप्रिल २०२७. वर्षभर जास्त. तिच्या टेबलावर छोटं पुठ्ठ्याचं कॅलेंडर असतं, त्यात पुढच्या वर्षाचं पान मागे खोचलेलं आहे आणि त्यावर जुनी तारीख खोडलेली आहे. पेन दाबून दाबून खोडली आहे, कागद फाटायला आलाय.

तिचा राग वर्षाबद्दल कमी आणि पद्धतीबद्दल जास्त आहे. तो कायदा राष्ट्रीय सभेत मतदान न घेता मंजूर झाला. कलम ४९.३ वापरलं की सरकार म्हणतं, हा कायदा मंजूर समजा, मान्य नसेल तर आम्हाला पाडा. २० मार्च २०२३ ला पाडायचा प्रयत्न झाला आणि ९ मतं कमी पडली. तो आकडा तिला पाठ आहे. नऊ.

महिन्याभराने, १७ एप्रिलला, रात्री आठ वाजता अध्यक्ष टीव्हीवर बोलणार होते. देशभर लोक नगरपालिकांसमोर भांडी घेऊन जमले, बोलणं ऐकूच येऊ नये म्हणून. मी तिच्याबरोबर गेले होते. तिने घरून ॲल्युमिनियमचं पातेलं आणि लाकडी चमचा आणला होता, मला झाकण दिलं. माझ्या पुढे एक आजोबा होते, ते अगदी शांतपणे, एका लयीत, कढई वाजवत होते. चेहऱ्यावर काही नाही. अर्धा तास. मला आजही वाटतं की त्या आजोबांना कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

काल जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, जातील का मॅक्रॉन? तिने खांदे उडवले. म्हणाली, "माझी तारीख एप्रिल २०२७, त्याची मे. तो माझ्या आधी जाणार नाही."

दीपमाळ | ८ ऑक्टोबर

लवकर निवडणूक झाली तर फायदा कोणाला, हे कोणी बोललं नाही. अति-उजव्या पक्षाच्या नेत्या मरीन ल पेन यांना ३१ मार्चला युरोपीय संसदेच्या निधीच्या प्रकरणात शिक्षा झाली, पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी आणि ती ताबडतोब लागू. अपील जानेवारीत सुरू होणार, निकाल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मॅक्रॉन आत्ता गेले तर त्या उभ्या राहू शकत नाहीत, त्यांच्या पक्षाचे अध्यक्ष बार्देला राहतील, वय ३०. तरी त्या स्वतः राजीनामा हा शहाणपणाचा निर्णय ठरेल असं म्हणतात आणि संसद पुन्हा बरखास्त करा म्हणून मागे लागल्या आहेत. मला वाटतं त्यांचा खरा रोख संसदेवर आहे.

समाजवाद्यांना यातलं काहीच नको. ते आत्ता निवडणुकीला तयार नाहीत आणि सौदा करायला मोकळे आहेत. लक्ष त्यांच्याकडे ठेवा.

घटनावेडा | ८ ऑक्टोबर

कलम ६८ चा प्रस्ताव आज कार्यकारी मंडळातच फेटाळला गेला.

निळाई | ९ ऑक्टोबर

काल रात्री झोप येईना, तेव्हा लिहिते आहे. सांजपाखरू, त्या कढईवाल्या आजोबांनी मला हलवलं.

तरीही माझी एक भीती आहे. समजा मॅक्रॉन गेले. मग पुढच्या अध्यक्षाला, तो कोणत्याही बाजूचा असो, दोन वर्षांनी लोकप्रियता घसरली की हेच ऐकवलं जाईल. फ्रान्समध्ये लोकप्रियता सगळ्यांचीच घसरते. मॅक्रॉन यांच्या आधीचे अध्यक्ष सार्कोझी, ओलांद, कोणीच सुटलं नाही. मुदत पाच वर्षांची करण्यामागे एक हेतू हा होता की लोकांना लवकर संधी मिळावी. ती पाचही उरली नाहीत तर कुठलंही अवघड काम कोण हातात घेईल? तिसऱ्या आणि चौथ्या प्रजासत्ताकात सरकारं महिन्यांनी मोजली जायची. त्यावर उपाय म्हणून तर हे पद इतकं भक्कम केलं.

रोखठोक | ९ ऑक्टोबर

ताई, तुम्ही चाचण्यांच्या आकड्यांवरून बोलता आहात, मी मतपेटीवरून बोलतो आहे. जुलै २०२४ ची निवडणूक ही चाचणी नव्हती. मॅक्रॉन यांनीच लोकांना कौल मागितला, म्हणाले स्पष्टता हवी आहे. लोक रांगा लावून आले, कित्येक वर्षांत झालं नव्हतं इतकं मतदान झालं. आणि त्यांच्या आघाडीची पीछेहाट झाली. द गॉल यांनी सार्वमत घेतलं, हरले, गेले. यांनी निवडणूक घेतली, हरले, राहिले. भक्कम पद हे लोकांचं ऐकायला लागू नये म्हणून दिलेलं नाही.

जुनीपानं | ९ ऑक्टोबर

रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर. पण राहण्याचाही एक सन्मानाचा मार्ग आहे आणि तो फ्रान्सला चांगला ठाऊक आहे.

१८७७ ची गोष्ट. अध्यक्ष मॅकमाओं राजेशाहीकडे झुकलेले, संसद प्रजासत्ताकवाद्यांची. त्यांनी पंतप्रधानाला घालवलं आणि सभागृह बरखास्त केलं. निवडणुकीच्या प्रचारात गाम्बेता लील शहरात म्हणाले की देश एकदा बोलला की नमतं घ्यावं लागेल, नाहीतर पद सोडावं लागेल. देश बोलला, प्रजासत्ताकवादी जिंकले. मॅकमाओं यांनी आधी नमतं घेतलं, प्रजासत्ताकवाद्यांच्या मनाचं सरकार येऊ दिलं. १८७९ च्या जानेवारीत सेनेटही हातातून गेल्यावर पद सोडलं.

नमतं घ्या किंवा सोडा. त्यानंतरचं सगळं या मापाने मोजून बघा. अध्यक्ष शिराक यांनी १९९७ मध्ये मॅक्रॉन यांच्यासारखीच संसद विनाकारण बरखास्त केली आणि हरले. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी विरोधी पक्षाचे जोस्पाँ यांना पंतप्रधान केलं आणि पाच वर्षं त्यांचा कारभार चालू दिला. नमतं घेतलं. द गॉल यांनी सोडलं. मॅक्रॉन यांनी दोन्ही केलं नाही. डाव्या आघाडीच्या जागा सगळ्यांत जास्त आल्या होत्या, तिने ल्युसी कास्ते यांचं नाव दिलं, ते ऑगस्टमध्ये नाकारलं. मग बार्निए. ज्या उजव्या पक्षाला पन्नासच्या आसपास जागा, त्याचा पंतप्रधान.

घटनावेडा | ९ ऑक्टोबर

काका, एक फरक आहे. जोस्पाँ यांच्याकडे बहुमत होतं. डाव्या आघाडीकडे २०० सुद्धा जागा नव्हत्या, लागतात २८९. कास्ते यांचं सरकार आठवड्यात पडलं असतं.

जुनीपानं | ९ ऑक्टोबर

पडू द्यायचं होतं. बार्निए यांचंही पडलंच ना? सभागृहाने पाडलं असतं तर जबाबदारी सभागृहाची झाली असती. अध्यक्षांनी आधीच दार लावल्यामुळे ती त्यांच्या गळ्यात पडली आणि आज लोक राजीनामा मागताहेत त्याचं मूळ तिथे आहे.

निळाई | ११ ऑक्टोबर

काल रात्री उशिरा लेकोर्नू यांनाच पुन्हा पंतप्रधान नेमलं. चार दिवसांपूर्वी राजीनामा दिलेला माणूस. मिलरां आठवले. एलिझेच्या बाहेरचा माणूस घेण्याऐवजी पुन्हा घरचाच. काका, तुमची जुळणी मी उगाच झटकली.

घटनावेडा | १६ ऑक्टोबर

दोन दिवसांत जे झालं ते नोंदवून ठेवतो, कारण प्रश्नाचं उत्तर बहुधा यातच आहे.

१४ तारखेला लेकोर्नू यांनी संसदेत जाहीर केलं की निवृत्तीवयाची सुधारणा थांबवतो. जानेवारी २०२८ पर्यंत वय पुढे सरकणार नाही, नव्या अध्यक्षाने काय ते ठरवावं. ४९.३ वापरणार नाही असं ते आधीच म्हणाले होते. मॅक्रॉन यांच्या दुसऱ्या कार्यकाळातलं सगळ्यांत मोठं काम, ज्यासाठी त्यांनी देश अंगावर घेतला, ते त्यांच्याच पंतप्रधानाने बाजूला ठेवलं.

समाजवाद्यांना हेच हवं होतं. आज दोन अविश्वास ठराव आले. मेलांशों यांच्या पक्षाच्या ठरावाला २७१ मतं पडली, ल पेन यांच्या ठरावाला १४४. हवी होती २८९. अठरा मतांनी वाचले. पडले असते तर संसद बरखास्त होण्याचीच शक्यता जास्त होती, आणि पुन्हा तसंच त्रिभागलेलं सभागृह आलं असतं तर राजीनाम्यावाचून काय उरलं असतं ते मला सुचत नाही.

रोखठोक | १६ ऑक्टोबर

म्हणजे खुर्ची वाचवण्यासाठी सुधारणा दिली.

जुनीपानं | १६ ऑक्टोबर

म्हणजे नमतं घेतलं. पंधरा महिने उशिरा आणि दुसऱ्याच्या तोंडून, पण घेतलं. मला वाटतं आता ते मुदत पूर्ण करतील. त्यांना देण्यासारखं जोवर काही शिल्लक आहे तोवर असे सौदे होत राहतील.

दीपमाळ | १८ ऑक्टोबर

याची किंमतही बघा. काल एस अँड पी या मानांकन संस्थेने फ्रान्सचं पतमानांकन एका पायरीने उतरवलं, फिचने सप्टेंबरमध्येच उतरवलं होतं. गेल्या वर्षीची तूट जीडीपीच्या ५.८ टक्के. बायरू ४४ अब्ज युरोंची काटछाट मागत होते, दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करणार होते, म्हणून पडले. आता काटछाट सोडाच, निवृत्तीचा खर्च वाढणार. अध्यक्ष राहिले याचा आनंद मानायचा तर हिशेबही मांडायला हवा. दुबळा अध्यक्ष पद टिकवायला जे देतो ते पुढच्याला फेडावं लागतं.

निळाई | ३१ ऑक्टोबर

नवी चाचणी आली. मॅक्रॉन यांच्यावर विश्वास असणारे ११ टक्के. ओलांद २०१६ मध्ये इतकेच खाली गेले होते. त्यांनी राजीनामा दिला नाही, पण १ डिसेंबर २०१६ ला टीव्हीवर येऊन सांगितलं की मी पुन्हा उभा राहणार नाही. मुदत पूर्ण केली आणि मे २०१७ मध्ये सूत्रं त्यांच्याच एका माजी मंत्र्याच्या हाती दिली. तो मंत्री म्हणजे मॅक्रॉन.

सुरुवातीला मी विचारलं होतं की जावं का. रोखठोक, जुलै २०२४ मध्ये तुमच्याशी मी सहमत झाले असते. त्या रात्री हरल्यावर द गॉल यांच्यासारखं निघून जाण्यात मोठेपणा होता. आज, अर्थसंकल्प अधांतरी असताना, पाच आठवड्यांत अध्यक्ष निवडायला लावणं मला देशावर अन्याय वाटतो. तेव्हा जायला हवं होतं, आता राहावं आणि संसदेला काम करू द्यावं. हे माझं मत, बदललेलं.

रोखठोक | ३१ ऑक्टोबर

मला अजूनही वाटतं जावं. पण "तेव्हा जायला हवं होतं" एवढं कोणीतरी म्हणालं, मला बरं वाटलं.

सांजपाखरू | १३ नोव्हेंबर

काल राष्ट्रीय सभेने निवृत्तीची स्थगिती मंजूर केली. २५५ विरुद्ध १४६. या वेळी मतदान झालं, नावानिशी. अजून सेनेट आहे, तिथे उजवे लोक ती काढून टाकणार असं सगळे म्हणतात, मग पुन्हा राष्ट्रीय सभा.

आज सकाळी सहकारीने हिशेब केला. स्थगिती टिकली तर तिचं वय ६२ वर्षं ९ महिने धरतील. १ एप्रिल २०२७ ऐवजी १ जानेवारी २०२७. तीन महिने. मी म्हटलं, तीनच? ती म्हणाली, "त्याने नाही दिले, आम्ही घेतले."

मग तिने कॅलेंडरमागचं पान काढलं. २०२७ चा जानेवारी त्यावर नाहीच, ते २०२६ चं पान. तेव्हा तिने ३१ डिसेंबरच्या शेजारी, कोऱ्या जागेत, एक बारीक गोल काढला. पेन्सिलने. सेनेटचं होईपर्यंत पेन वापरणार नाही म्हणाली.